जुन्या व्ही-एट गाड्यांचे पेट्रोल जाते कुठे?

१९७० सालच्या कॅडिलॅक एल्डोराडोचे इंजिन ८.२ लिटरचे होते. आपल्याकडच्या लहान मोटारींची सात इंजिने एकत्र केली तर जेवढी क्षमता होईल, तेवढी त्या एका बॉनेटखाली होती. त्या काळच्या शेव्हरोले, फोर्ड, डॉज, ओल्ड्समोबिल यांची साडेपाच ते साडेसात लिटरची व्ही-एट इंजिने याच घराण्यातली. गर्दीच्या शहरात अशी गाडी लिटरला चार किलोमीटर चालली तरी मालक समाधान मानतो. या गाड्यांचे अ‍ॅव्हरेज वाढवता येते का, या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ उपाय सुचवले गेले. लहान कार्बोरेटर, फ्युएल इंजेक्शन, नवे इग्निशन, ओव्हरड्राइव्हचा गियरबॉक्स, इंजिनच बदलणे, शिवाय जाहिरातींतली नाना उपकरणे. हे सगळे उपाय एकत्र ठेवून पाहिले की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. मोठ्या इंजिनात पेट्रोल वाया जाते ते मुख्यतः ते इंजिन त्याच्या ताकदीच्या फार खालच्या पातळीवर चालवले जाते म्हणून. हे लक्षात घेऊन केलेले उपाय लागू पडतात. हे विसरून केलेले उपाय फक्त खर्च वाढवतात.

आधी थोडा ढोबळ हिशेब करू. दोन टनांच्या आसपास वजनाची, रुंद आणि चौकोनी अंगाची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरने चालली असेल, तर हवेचा विरोध आणि टायरांचे घर्षण यांवर मात करायला साधारण १७ किलोवॅट शक्ती लागते. गियरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली घट धरली तर इंजिनाला २० किलोवॅट, म्हणजे सत्तावीस अश्वशक्तीच्या आसपास द्यावे लागते. आणि इंजिन असते दोनशे-तीनशे अश्वशक्तीचे. पेट्रोल इंजिनात शक्ती कमी करायची ती थ्रॉटलची झडप मिटून. झडप जवळजवळ मिटलेली असते तेव्हा पिस्टनांना अरुंद फटीतून हवा ओढावी लागते. या ओढाताणीतच शक्ती खर्च होते आणि त्या खर्चाचा चाकांना काही उपयोग नसतो. त्यात आठ सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह आणि जाडजूड क्रँकशाफ्ट यांच्या घर्षणाची भर पडते. हे घर्षण गाडी ओढायला किती ताकद लागते यावर फारसे ठरत नाही, ते ठरते इंजिनाच्या फेऱ्यांवर. म्हणून तेच इंजिन पूर्ण भाराखाली प्रत्येक लिटरमधून जेवढे काम काढते, त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश काम सपाट महामार्गावर काढते. शहरात अवस्था आणखी वाईट. सिग्नलला नुसते चालू ठेवलेले मोठे व्ही-एट तासाला दोन-तीन लिटर पेट्रोल पिते. ताशी ५० किलोमीटर वेगाची दोन टनी गाडी ब्रेक लावून थांबवली आणि पुन्हा त्याच वेगाला नेली, तर प्रत्येक वेळी सुमारे चाळीस मिलीलिटर पेट्रोल लागते. असे पंचवीस थांबे म्हणजे एक लिटर.

या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांवरच ऑक्टोबर १९७३ नंतर हा प्रश्न सोडवण्याची वेळ आली. अरब देशांनी तेलाची निर्यात रोखली. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची देशव्यापी वेगमर्यादा आणली आणि १९७५ च्या अखेरीस सरासरी अ‍ॅव्हरेजचा कायदा केला. १९७८ च्या मॉडेलांना गॅलनला १८ मैल, १९८५ च्या मॉडेलांना २७.५ मैल. आपल्या हिशेबात लिटरला साडेसात ते पावणेबारा किलोमीटर. १९७५ च्या नव्या गाड्यांची सरासरी गॅलनला १३-१४ मैलांच्या घरात होती, त्यामुळे दहा वर्षांत दुप्पट मजल गाठायची होती. कंपन्यांनी काय काय केले हे पाहणे आजच्या मालकालाही उपयोगाचे आहे, कारण त्यांच्याजवळ प्रयोगशाळा होत्या, अभियंते होते आणि कायद्याचा धाक होता. क्रायस्लरने १९७६ च्या सुमारास पातळ मिश्रण जाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणली. तिचा कॉम्प्युटर एअर क्लीनरवर, ऐन इंजिनाच्या उष्णतेत बसवलेला होता आणि त्याने मालकांना भरपूर त्रास दिला. कॅडिलॅकने १९८१ मध्ये गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चारच सिलिंडर चालवणारे इंजिन काढले. आज अनेक गाड्यांत हीच युक्ती निर्वेध चालते, पण त्या वेळच्या नियंत्रण यंत्रणेला तो वेग झेपला नाही आणि लिमोझिन वगळता वर्षभरात ती मागे घ्यावी लागली. यश मिळाले ते दुसरीकडे. जनरल मोटर्सने १९७७ मध्ये आपल्या सर्वांत मोठ्या गाड्यांचे वजन तीनशे किलोंच्या आसपास घटवले आणि १९८० नंतर ओव्हरड्राइव्हचे गियरबॉक्स दिले.

जग्वारचे उदाहरण मला या सगळ्यात सर्वांत बोलके वाटते. त्यांच्या ५.३ लिटरच्या बारा सिलिंडरी इंजिनाची भूक कुप्रसिद्ध होती. १९८१ मध्ये स्विस अभियंता मायकेल मे याच्या आराखड्याचे सिलिंडर हेड बसवून त्याचे कॉम्प्रेशन १२.५ पर्यंत नेले गेले, जेणेकरून पातळ मिश्रणही नीट पेटावे. त्याबरोबर कंपनीने डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.०७ वरून २.८८ वर आणले, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी केल्या. आगीचा खोलवर अभ्यास करणाऱ्यांनाही फेऱ्या कमी करण्यावाचून गत्यंतर नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता मालकाच्या हातातले उपाय पाहू. त्यांत पहिला मान इग्निशनच्या टायमिंगचा. थ्रॉटल थोडीच उघडी असताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असते आणि विरळ मिश्रण हळू जळते. म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. डिस्ट्रिब्युटरवरचा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा डबा याचसाठी असतो. महामार्गावर तो ठिणगी आणखी दहा-वीस अंश पुढे नेतो. पन्नास वर्षांनंतर त्याचा पडदा बहुधा फाटलेला असतो, नाहीतर कुणीतरी शर्यतीच्या गाड्यांचे पाहून नळीच काढून टाकलेली असते. शर्यतीची गाडी थ्रॉटल सताड उघडून चालते, तिला त्या डब्याची गरज नसते. रस्त्यावरच्या गाडीत नळी काढणे म्हणजे टाकीला भोक पाडण्यासारखे आहे. डिस्ट्रिब्युटरमधली वजने गंजून अडकलेली असतात. क्रँकच्या पुढच्या पुलीवरची बाहेरची कडी रबरावरून सरकलेली असते, त्यामुळे टायमिंगची खूणच खोटी पडते आणि मिस्त्री चुकीच्या खुणेवर इमानेइतबारे टायमिंग लावत राहतो. सिलिंडर नंबर एक खरोखर वर आला की खूण जुळते का, हे तपासल्याशिवाय पुढच्या कुठल्याही दुरुस्तीला अर्थ नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्याचा फायदा खरा आहे. ताज्या, नीट लावलेल्या पॉइंटांपेक्षा ते फार जास्त अ‍ॅव्हरेज देते असे मात्र नाही. ते झिजत नाही आणि सेटिंग महिनोन्‌महिने तसेच राहते, हा त्याचा गुण.

‘गाडी कारखान्यातून आली तशी करा’ हा सल्ला म्हणून बरोबर आहे, पण एका मर्यादेत. १९७० ते १९७४ च्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत प्रदूषण घटवण्यासाठी कारखान्यानेच ठिणगी उशिरा पाडली होती आणि काही मॉडेलांत टॉप गियर पडेपर्यंत व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स बंद ठेवला होता. १९७१ पासून जनरल मोटर्सने शिसेविरहित पेट्रोलच्या तयारीसाठी कॉम्प्रेशनही उतरवले. अशा गाडीत मूळ सेटिंगवर परत जाणे म्हणजे मूळची उधळपट्टी परत आणणे. तिथे टायमिंग आधीच्या वर्षांच्या मॉडेलांप्रमाणे लावले तर पेट्रोल वाचते. त्याची किंमत नायट्रोजन ऑक्साइडच्या धुराने चुकते हेही सांगितले पाहिजे. वर्षातून थोडेच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ही देवघेव मला मान्य वाटते, रोजच्या वापरात वाटणार नाही.

कार्बोरेटरबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. चार घशांचा कार्बोरेटर काढून दोन घशांचा बसवला की पेट्रोल वाचते, हा त्यांतला मुख्य. रोचेस्टर कंपनीचा १९६५ च्या सुमारास आलेला क्वाड्राजेट पाहिला तर उलटच दिसते. त्याचे पहिले दोन घसे अगदी अरुंद आहेत. संथ चालवताना हवा त्यांतून वेगाने जाते, पेट्रोलचे थेंब बारीक होतात आणि मिश्रण हवे तेवढे पातळ ठेवता येते. मागचे दोन मोठे घसे पाय दाबल्याशिवाय उघडत नाहीत. नीट लावलेला असा कार्बोरेटर अनेक दोन घशांच्या कार्बोरेटरांपेक्षा कमी पितो. खरे नुकसान वेगळ्या ठिकाणी असते. फ्लोटची पातळी उंच असणे, चोक पूर्ण न उघडणे, होली कार्बोरेटरमधला पॉवर व्हॉल्व्ह बॅकफायरने फाटून मिश्रण कायमचे घट्ट होणे. पूर्वी मेकॅनिक प्लगच्या रंगावरून अंदाज बांधत. आता सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवला की एका भाग पेट्रोलला किती भाग हवा मिळते हे चालत्या गाडीत आकड्यांत दिसते. संथ चालीत १५ ते १६ आणि जोर लावताना साडेबारा-तेरा असा आकडा जेट आणि मीटरिंग रॉड बदलून साधता येतो. या एका साधनाने जुन्या गाड्यांच्या ट्यूनिंगमध्ये जेवढी भर घातली, तेवढी दुसऱ्या कुठल्याही साधनाने घातलेली नाही.

फ्युएल इंजेक्शन बसवले की अ‍ॅव्हरेज दीडपट होते, असे विक्रेते सांगतात. कार्बोरेटरच्या जागी बसणारे आणि स्वतःच मिश्रण शिकत जाणारे संच आता सहज मिळतात. थंड इंजिन सुरू करणे, घाट चढताना पातळ होत जाणाऱ्या हवेशी जुळवून घेणे, सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटांत कमी पेट्रोल घेणे, यांत ते वरचढ आहेतच. गरम इंजिन सरळ रस्त्यावर असताना मात्र त्यांचा नीट लावलेल्या कार्बोरेटरवरचा विजय लहान असतो. थ्रॉटलची झडप मिटलेली ती मिटलेलीच राहते, घर्षणही तेवढेच राहते. बिघडलेल्या कार्बोरेटरशी तुलना करून इंजेक्शनचे गुण गाणे ही लबाडी आहे.

या सगळ्यात खरी किल्ली गियरबॉक्सची. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बहुतेक अमेरिकन ऑटोमॅटिक गियरबॉक्सना तीनच गियर होते. टॉप गियरचे गुणोत्तर एकास एक आणि टॉर्क कन्व्हर्टर कायम थोडा घसरणारा. ३.४२ च्या डिफरन्शियलवर आणि साडेसव्वीस इंची टायरांवर ताशी ११० किलोमीटरला इंजिन सुमारे २,९५० फेरे घेते. जनरल मोटर्सचा १९८२ मधला ७००-आर-४ हा गियरबॉक्स त्याच जागी बसवला, तर त्याच्या ०.७० च्या चौथ्या गियरमध्ये हेच फेरे २,०७० च्या आसपास येतात. शिवाय कन्व्हर्टर लॉक होतो, घसरण थांबते. इंजिन सावकाश फिरते, म्हणून तेवढ्याच शक्तीसाठी थ्रॉटल जास्त उघडावी लागते. ओढाताण आणि घर्षण दोन्ही एकदम घटतात. वर सांगितलेल्या मूळ दोषावर थेट घाव घालणारा असा दुसरा उपाय नाही. मोठ्या इंजिनाला कमी फेऱ्यांवर भरपूर टॉर्क असतो, त्यामुळे लहान इंजिनाला न पेलणारा हा लांब गियर त्याला सहज पेलतो. इंजिनाचा आकार हाच इथे कामाला येतो. पहिला गियर ३.०६ चा, म्हणजे मूळपेक्षा जोरदार, त्यामुळे उठाव कमी होत नाही. फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीला मात्र या खर्चाचा फायदा जवळपास शून्य, कारण चौथा गियर पडणारच नाही.

टायर, हवा आणि वेग यांवर फार लिहिण्याची गरज नाही. रेडियल टायर जुन्या क्रॉस-प्लाय टायरांपेक्षा हलके फिरतात, अडकलेले ब्रेक मोकळे करावेत, थर्मोस्टॅट काढून इंजिन थंड चालवू नये. वेगाचा हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. वरच्या गाडीला ९० वरून ११० वर नेले की प्रत्येक किलोमीटरला लागणारा जोर सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. चालवणाऱ्याच्या पायाचे महत्त्व अमेरिकेतल्या मोबिल इकॉनॉमी रन या स्पर्धेने दाखवून दिले. १९३६ ते १९६८ या काळात, महायुद्धाची वर्षे सोडून, कारखान्यातून आल्या तशाच गाड्या कसलेल्या चालकांच्या हाती दिल्या जात आणि सामान्य मालकाला कधी न मिळालेले अ‍ॅव्हरेज त्या देत.

उपकरणांविषयी स्पष्ट बोलायला हवे. पेट्रोलच्या नळीवरची चुंबके, हवेला भोवरा देणारी पाती, बाटलीतली जादूची औषधे यांची अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सत्तरच्या दशकापासून परीक्षा घेतली. शंभराहून जास्त उपकरणे तपासून लक्षणीय बचत करणारे एकही सापडले नाही. तरीही १९३० च्या दशकातल्या कॅनडाच्या चार्ल्स पोग याच्या वाफेच्या कार्बोरेटरची कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते. गॅलनला दोनशे मैल, आणि तेल कंपन्यांनी तो दडपला, अशी. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. आपली दोन टनी गाडी ९० च्या वेगाला किलोमीटरमागे ०.६७ मेगाज्यूल खर्च करते. ऊर्जेचा कणही वाया न घालवणारे अशक्य इंजिन बसवले, तरी ती लिटरला ४८ किलोमीटरच्या वर जाणार नाही. दोनशे मैलांचा दावा म्हणजे लिटरला ७० च्या पुढे. त्यासाठी कुणी काही दडपावे लागत नाही.

यावर आक्षेप येतो की एवढी खटपट करण्यापेक्षा नवे इंजिन का बसवू नये? आधुनिक इंजेक्शनचे व्ही-एट आणि सहा गियरचा बॉक्स घातला तर महामार्गावर मोठी सुधारणा होते, हे खरेच आहे. आपल्याकडे याचे जुने रूप म्हणजे अमेरिकन गाडीत डिझेल इंजिन. मुंबईला या गाड्या नवख्या नव्हत्या. शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डीसोटो निघत. पेट्रोल महागल्यावर अशा कितीतरी गाड्यांची मूळ इंजिने काढून तिथे ट्रॅक्टर-टेम्पोच्या जातीची डिझेल इंजिने आली. पेट्रोल वाचले, गाड्या चालत्या राहिल्या, पण मूळ इंजिने भंगारात गेली. आज त्याच गाड्या पूर्ववत करताना मालकांना परदेशांतून इंजिने शोधावी लागतात. त्या काळच्या मालकांना दोष देता येत नाही, त्यांची ती रोजची गाडी होती. आजच्या मालकाला ती सबब नाही. शिवाय केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांत वाहन मूळ रूपात असावे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. परदेशात राहणाऱ्यांना हे बंधन नसेल, पण इंजिन बदलल्यावर उरतो तो जुन्या पत्र्यातला नवा गाडा, असे माझे मत आहे. गियरबॉक्सलाही हाच आक्षेप लागू होतो हे मी मान्य करतो. फरक इतकाच की चेसिस न कापता बसणारा बॉक्स परत काढता येतो. मूळ बॉक्स तेल लावून जपून ठेवला, तर कायमचे काहीच गमावले जात नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. वर्षाला २,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला ५ किलोमीटर देत असेल तर ४०० लिटर लागतात. तिला ६ वर आणले की ३३३. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाला पावणेसात हजारांची बचत. गियरबॉक्सचा खर्च यातून कधीच वसूल होत नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तरी हा एक किलोमीटर लहान समजू नये. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये दाखवले की अ‍ॅव्हरेजचे आकडे डोळ्यांना फसवतात. ५ वरून ६ वर गेले की हजार किलोमीटरला ३३ लिटर वाचतात, १५ वरून थेट २० वर गेले तरी फक्त १७. तळाशी केलेली लहान सुधारणा वर केलेल्या मोठ्या सुधारणेपेक्षा जास्त पेट्रोल वाचवते. त्यामुळे टायमिंग, व्हॅक्यूम आणि फ्लोटची पातळी ही जवळजवळ फुकटची कामे प्रत्येकाने करावीत. गियरबॉक्सचा विचार लांबचे प्रवास करणाऱ्यानेच करावा, तोही पेट्रोलच्या हिशेबाने न करता कमी आवाज, कमी उष्णता आणि कमी झीज यांसाठी.

भारतात आता या सगळ्यावर वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची छाया आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज जवळपास ७ टक्क्यांनी उतरते. त्याहून गंभीर बाब मिश्रणाची आहे. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर काटकसरीसाठी पातळ लावलेला कार्बोरेटर या पेट्रोलवर जास्तच पातळ पडतो. गाडी धक्के देते, इंजिन तापते. जुन्या नळ्या, पंपाचे पडदे आणि लाखेचा लेप दिलेले कॉर्कचे फ्लोट यांना इथेनॉल खाते. आधी रबर आणि फ्लोट बदला, मग जेट थोडे मोठे करून सेन्सरवर पुन्हा ट्यूनिंग करा. अ‍ॅव्हरेज मोजताना टायरचा आकार बदललेला असेल तर ओडोमीटरवर विसंबू नका, अंतर जीपीएसने मोजा, एकाच पंपावर काठोकाठ टाकी भरून किमान तीन वेळा मोजा. आणि ते आकडे वहीत उतरवल्याशिवाय कुठल्याही नव्या सुट्या भागावर एक रुपयाही खर्च करू नका.